उडतं मखर

२०१८ साली महाराष्ट्र सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली आणि आमच्या सोसायटीतलं माझं स्थान गेलं. तोवर श्रावण सरत आला की लोक मला जिन्यात अडवून विचारायचे, "यंदा काय, मयूरासन की शीशमहाल?" त्यानंतर मी नुसता 'बी विंगमधले ते' झालो. हाताची खाज मात्र गेली नाही. त्यामुळे रेडिओ कंट्रोल विमानाच्या किटमधले पंख फोमचे, म्हणजे आपल्या थर्माकोलचेच असतात, असं कळल्यावर मी ते तातडीने मागवलं. विमान काही सजावटीत मोडत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आणि थर्माकोल मला कोण शिकवणार?

खोक्यातून तापल्या तारेने कापलेले दोन पंख निघाले. दोन्ही मिळून वजन जेमतेम पाऊणशे ग्रॅम. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवाच असते, बाकी नावाला पदार्थ. प्रत्येक पंखाच्या वर आणि खाली, त्याच्याच आकाराची खोलगट बाजू असलेला एकेक ठोकळा होता. पंख ज्यातून कापला तो उरलेला भाग. मला ते पॅकिंग वाटलं. चिरंजीव दिवाळीच्या किल्ल्यासाठी सामान शोधत होते, त्यांना देऊन टाकलं. माती लिंपून प्रतापगड उभा राहिला. एवढी गुळगुळीत, वाऱ्याला कुठेही न अडवणारी दरी आमच्या गल्लीत त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

विमानं उडवायच्या मैदानावर एक अण्णा भेटले. ते म्हणाले, "ते ठोकळे जपून ठेवा हं. ते पंखाचं अंथरूण. वर काहीही चिकटवलं की पंख त्यात निजवायचा, वर वजन ठेवायचं. नाहीतर वाळताना पीळ पडतो." तेव्हा त्या अंथरुणावर मावळे उभे होते आणि अळीव उगवला होता.

पण रंगाचं आधी झालं. मखराला आम्ही पाण्यात कालवलेले रंग द्यायचो. विमान म्हटल्यावर चकाकी हवी, म्हणून बोहरी आळीतून लाल स्प्रेचा डबा आणला. "कशावर मारायचाय?" दुकानदाराने विचारलं. मी "विमानावर" म्हणालो. त्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

डब्यातून सूंऽऽ आवाज आला आणि डावा पंख खचू लागला. स्प्रेतलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. ती ९८ टक्के हवा निघून गेली की हाती काय उरणार? चमचाभर लाल चिकटा.

"रंग आत मुरतोय, म्हणजे पक्का बसेल ना?" बायकोने विचारलं. तिच्या स्वरात खवचटपणा नव्हता, हे मला जास्त लागलं.

असे खड्डे बुजवायला एक फिलर मिळतं. ते इतकं हलकं, की भरलेला डबा हातात घेतला तरी रिकामा वाटावा. माझ्याकडे भिंतीची पुट्टी उरलेली होती. ती सिमेंटची होती. भरली, वाळली आणि मी सँडपेपर घेऊन बसलो. पुट्टी कठीण, भोवतालचं थर्माकोल मऊ. सँडपेपर पुट्टीला नुसता नमस्कार करी आणि शेजारचं खाऊन टाकी. बघता बघता खड्ड्याच्या जागी उंचवटा तयार झाला. पुण्याच्या रस्त्यांवर हे कसं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.

मग पांघरूण. इस्त्रीने बसवायच्या रंगीत फिल्म असतात, पण त्यातल्या काहींना लागणारी उष्णता थर्माकोलला सोसत नाही. अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि "तुम्ही इस्त्री नका घेऊ" म्हणून ब्राऊन पेपर सुचवला. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालायचं, कागद भिजवायचा, पंखावर ओढून बसवायचा. फेव्हिकॉल थर्माकोलला खात नाही. दर जूनमध्ये घरातल्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालणारा माणूस मी. वरची बाजू अशी बसवली की बुडबुडा शोधून सापडू नये. खालची बाजू सकाळी, असं ठरवलं. अंथरूण प्रतापगडावर असल्यामुळे मधोमध जोडलेला पंख पाहुण्यांच्या गादीवर ठेवला आणि वर दिवाळी अंकांचा गठ्ठा.

सकाळी अंक जमिनीवर होते. भिजलेला कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो, आणि आक्रसताना थर्माकोलला बरोबर घेऊन जातो. पंखाची दोन्ही टोकं वर आली होती. पैकी डावं गादीच्या खळग्याप्रमाणे पिळलंही होतं.

"अहो, दोन्ही बाजू एकदम लावायच्या," अण्णा फोनवर म्हणाले. "एकीने ओढलं की दुसरीने धरायला नको का?"

खालचा कागद लावल्यावर टोकं बरीचशी खाली आली. पीळ कायम राहिला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंख २६० ग्रॅम भरले, त्यातला मोठा वाटा पुट्टीचा आणि तोही सगळा डावीकडे.

रविवारी अण्णांनी एक डोळा मिटून विमान मागून न्याहाळलं. पंखांच्या टोकांना मागची कड किंचित वर ठेवली तर वेग कमी झाल्यावरही विमान एका अंगावर पडत नाही. याला वॉशआऊट म्हणतात आणि जाणकार तो मुद्दाम देतात. "तुम्ही एकाच पंखाला दिलाय," अण्णा म्हणाले, "आणि बराच उदार मनाने."

विमान उडालं, हे मी आवर्जून नोंदवतो. उडालं आणि डावीकडे वळलं. मी काडी पूर्ण उजवीकडे दाबली. ते डावीकडेच वळत राहिलं, आडवं झालं, उलटं झालं आणि पलीकडच्या ज्वारीत घुसलं.

मी धापा टाकत पोचेपर्यंत रानाच्या मालकाने अवशेष उचलले होते. पंख मधोमध मोडला होता, पण दोन्ही तुकडे कागदाने धरून ठेवलेले, बिजागरीसारखे उघडमीट करणारे. त्याने ते दोनदा उघडमीट करून पाहिले.

"आतलं समदं मोडलंय," तो म्हणाला. "पर कागद कुनी चिकटवलाय ओ? जरा सुदिक फाटला न्हाई."

"मीच," मी म्हणालो.