शिट्टीविना सभ्यता

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळच्या भूगावात अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. कुस्तीत पंच असतो. हरल्यावर खापर कुणावर फोडायचं, ही चिंता त्यामुळे मिटते. हौशी अल्टिमेट फ्रिस्बीत ती सोय नाही. १७५ ग्रॅमची प्लास्टिकची तबकडी, सात विरुद्ध सात, आणि शिट्टी कुणाच्याच गळ्यात नाही. ज्याला धक्का लागला त्यानंच ‘फाऊल’ म्हणून ओरडायचं. समोरच्याला पटलं तर ठीक, नाहीतर तबकडी पुन्हा फेकणाऱ्याच्या हातात. वर सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खिलाडूपणाला पाच बाबींत, प्रत्येकी शून्य ते चार गुण द्यायचे!

रविवारी सकाळी याच भूगावातल्या टर्फवर घामाघूम आयटीवाला ‘हो, माझाच हात लागला’ म्हणतो, तेव्हा गहिवरून येतं. तासाभरानं हाच सद्‌गृहस्थ गावातल्या कोंडीत उलट्या बाजूनं गाडी घुसवतो, समोरून नीट येणाऱ्या दुचाकीवाल्यावर हॉर्न वाजवतो आणि वर काच खाली करून त्यालाच ‘दिसत नाही का?’ विचारतो. पंच तिथंही नसतोच की.

रस्त्यावर गुण द्यायची सोय झाली, तर माझ्याकडून पाचही रकान्यांत भोपळा.