मुंबई ते नागपूर: हवाई अंतर व उड्डाणकाळ काढण्याची रीत

दोन शहरांतील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून त्यांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा. ती मोजण्यासाठी पृथ्वीगोल, दोरा आणि घरातल्या मुलांना तासभर बाहेर पिटाळण्याचा अधिकार एवढे साहित्य पुरते.

१. अंतर. मुंबई व नागपूर विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे २ अंशांचा फरक आहे, रेखांशांत ६.१८ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा. रेखांशाचा अंश या पट्ट्यात १०४.६ किलोमीटरचा. म्हणजे उत्तरेकडे २२२ आणि पूर्वेकडे ६४६ किलोमीटर. शाळेत नावडलेला पायथागोरस येथे उपयोगी पडतो: उत्तर सुमारे ६८५ किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते, कारण रेल्वेला घाट, नद्या आणि भुसावळ यांचा मान राखावा लागतो. समृद्धी महामार्ग तर आमणे ते नागपूर एवढाच ७०१ किलोमीटर आहे. नागपूरकरांनी अंतर शून्य मैलाच्या दगडापासून मोजण्याचा आग्रह धरू नये; विमान सोनेगावला उतरते.

२. वेळ. जेट विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून भागाकार करावा. उत्तर ५१ मिनिटे येते. हा आकडा तोंडपाठ करावा. मात्र नागपुरात घ्यायला येणाऱ्या नातेवाइकाला सांगू नये.

३. दुरुस्त्या. मुंबईहून विमान बहुधा समुद्राकडे तोंड करून उडते. नागपूर पूर्वेला असताना विमान पश्चिमेला निघाले म्हणून हवाई सेविकेला हाक मारू नये, ते वळते. चढताना आणि उतरताना पूर्ण वेग नसतो, त्यामुळे ५१ मिनिटांचा सव्वा तास होतो. वेळापत्रकात दीड तास किंवा अधिक छापतात, कारण तेथे वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचल्यावर जागी उभे राहीपर्यंत. धावपट्टीसाठी लागलेली रांगही त्यातच धरलेली असते. रांग लहान निघाली की विमान ‘वेळेआधी’ पोहोचते. टाळ्या वाजवू नयेत.

४. सूर्य. सूर्याच्या हिशेबाने नागपूर मुंबईच्या २५ मिनिटे पुढे आहे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच असल्यामुळे ही २५ मिनिटे परतीच्या प्रवासात वसूल करता येत नाहीत.

५. जमीन. डोंबिवलीहून विमानतळ गाठण्यास दीड तास. उड्डाणाआधी दोन तास हजेरी. या वेळात पट्टा काढणे, पट्टा घालणे आणि चहाची किंमत ऐकून पाणी पिणे ही कामे उरकावीत. नागपुरात चाके टेकताच प्रवासी उठून उभे राहतात. त्याने वेळ वाचत नाही, पण वाट पाहण्याची उंची वाढते. बॅग, टॅक्सी आणि घर यांसाठी एक तास.

६. ताळा. दीड, दोन, दीड आणि एक मिळून सहा तास. ६८५ ला ६ ने भागावे: ताशी ११४ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. विमानाचा प्रवासी ती मर्यादा ओलांडत नाही, हे पडताळून गणित संपवावे.