टेक चालू आहे

दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत शहरी मराठी घरात एक संगीतकार जन्माला येतो. टक्के बरे पडले म्हणून गिटार आलेली असते. बाबांच्या लेखी तो छंद, चिरंजीवांच्या लेखी करिअर. पंधरवड्यात जी, डी, ई मायनर आणि सी हे चार कॉर्ड बोटांत बसतात. पाचव्या, म्हणजे एफला, पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. चिरंजीव त्याला लांबूनच नमस्कार करतात आणि गीतलेखनाकडे वळतात.

गीत म्हणजे विरह. वन बीएचकेत ज्याला बाथरूमखेरीज कुठे एकांत मिळत नाही, तो तीन कडव्यांत पाच वेळा 'एकाकी' होतो. गाण्यातली 'ती' अजून भेटायची आहे, पण सोडून मात्र गेली आहे. शहराच्या गर्दीत तो हरवतो. प्रत्यक्षात क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर आईचे तीन फोन येतात.

मग घरात स्टुडिओ येतो. त्याआधी बाबांना दाखले दिले जातात. रेहमानने 1989 मध्ये चेन्नईत घराच्या आवारातच स्टुडिओ थाटला आणि 1992 मध्ये 'रोजा' आला. बिली आयलिशचा 2019 चा पहिला अल्बम तर भावाच्या बेडरूममध्येच रेकॉर्ड झाला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी घेऊन गेला. "त्यांनी आधी बेडरूम आवरली असेल," एवढंच बाबा म्हणतात आणि पैसे देतात.

कंडेन्सर माइक येतो, त्याला 48 व्होल्ट पुरवणारा ऑडिओ इंटरफेस येतो. हा माइक फार हळवा. त्याला गाणं ऐकू येतं तसा पंखा, पाण्याचा पंप, भंगारवाला आणि शेजारच्या काकांचा घसा, सगळंच ऐकू येतं. म्हणून भर मेमध्ये पंखा बंद. दारं-खिडक्या बंद. स्वयंपाकघरात फर्मान जातं, "आई, कुकर लावू नकोस गं, टेक चालू आहे!"

"मग रात्री टेकच खा," आई म्हणते.

ज्या घरात अंडी आणायची तर आधी वार पाहावा लागतो, त्या घरात भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटतात. या ट्रेंनी बाहेरचा आवाज थांबत नाही. आतला घुमाराही नावापुरताच कमी होतो. खरं काम करते आजीच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. ती डोक्यावरून घेऊन चिरंजीव गातात आणि घामाघूम होऊन बाहेर येतात तेव्हा आजी आधी कपाळाला हात लावून ताप बघते.

तेवढ्यात लेटन्सी नावाचा शत्रू भेटतो. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो आणि गाणारा स्वतःच्याच मागे धावतो. बफर 1024 वरून 128 वर आणावा, तर बाबांचा लॅपटॉप अडखळतो. मग संध्याकाळभर सेटिंग. गाण्याला हात लागत नाही. फोल्डरमध्ये मात्र 'फायनल', 'फायनल नवं' आणि 'फायनल आजीचा खोकला काढलेलं' जमत जातात. ऐकावं तर प्रत्येक गाणं पहिल्या अंतऱ्याशी संपतं.

आजी हे सगळं शांतपणे बघते. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' लागायचं. गदिमा लिहायचे, बाबूजी चाल लावायचे आणि दर आठवड्याला नवं गाणं. वर्षभरात 56 झाली. "त्यांच्याकडे प्लगइन नव्हते," चिरंजीव म्हणतात. "तेच म्हणते मी," आजी म्हणते.

एकदा वीज गेली. लॅपटॉपही बंद पडला. त्याच वेळी खाली पाण्याचा टँकर आला आणि बादल्यांची पळापळ सुरू झाली. चिरंजीवांनी गॅलरीत बसून टँकरवरच एक गाणं रचलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. त्यात 'एकाकी' नव्हतं, यमकं वाकडी होती, मागे सेक्रेटरी ओरडत होते. सोसायटीच्या ग्रुपवर ते पडलं आणि ज्यांनी आजवर त्याची फक्त तक्रार केली होती, त्यांनी पुढे दहा ठिकाणी पाठवलं. माझ्या मते त्या मुलाचं पुरं झालेलं आणि ऐकण्याजोगं गाणं हे एवढंच.

त्याला ते पटलेलं नाही. तेच गाणं तो सध्या 'नीट' रेकॉर्ड करतो आहे. सेक्रेटरी काढून टाकलेत, टँकर काढला आहे, रिव्हर्ब घातला आहे आणि दुसऱ्या कडव्यात ती सोडून गेली आहे.

तेव्हा रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावरून एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू आली, तर कृपा करून त्यांच्या दाराची बेल वाजवू नका. टेक बिघडला, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.