कुलंगड्यांपासून मनाचे रक्षण : काही सोप्या सूचना

समर्थ रामदासांना मनाची समजूत घालायला २०५ श्लोक लागले, आणि तेव्हा मोबाइल नव्हता. आजच्या साधकाने पुढील पथ्ये पाळावीत.

१. आधी शत्रू ओळखा. कोणत्या बातमीने मन विटाळते, हे ती वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘अखेर अभिनेत्रीने मौन सोडले’ ही बातमी शेवटपर्यंत वाचावी आणि मगच ती वाचण्यासारखी नाही, असे ठरवावे.

२. मर्यादा घालून घ्या. ‘तळाशी पोचलो की फोन ठेवणार’ असा संकल्प करावा. पान संपले की माणूस उठतो. पण २००६ मध्ये ॲझा रास्किन या अभिकल्पकाने पान संपूच नये, अशी सोय केली. पुढे त्याने त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. आपला संकल्प मात्र अभंग राहतो, कारण तळ येतच नाही.

३. विचारांवर ताबा ठेवा. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने काही जणांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. आपल्याला अस्वलाशी कर्तव्य नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे रात्री कोण येते, याचा विचार करायचा नाही, एवढेच मनाला बजावायचे. दर दहा मिनिटांनी बजावले तरी चालेल.

४. सोसायटीचा ग्रुप सोडू नका. टँकर कधी येणार, हे तिथेच कळते. तो फक्त म्यूट करावा. आवाज बंद झाल्यावर अर्थातच तो अधूनमधून उघडून पाहावा लागतो.

५. माकडांचा आदर्श ठेवा. जपानमध्ये निक्कोच्या तोशोगू मंदिरातल्या कोरीव माकडांनी डोळे, कान आणि तोंड झाकले आहे. ‘फॉरवर्ड करू नका’ असे त्यांतले एकही सांगत नाही. ही पळवाट नव्हे, परंपरा आहे.

६. परोपकार विसरू नका. जे ऐकून आपले मन मलीन झाले, त्यापासून इतरांना वाचवायला हवे. त्यासाठी त्यांना सगळे सविस्तर सांगावे. आरंभी आणि शेवटी ‘आपल्याला काय करायचंय म्हणा!’ हे वाक्य न चुकता उच्चारावे. त्याने सांगणारा निर्लेप राहतो आणि एखादा तपशील सुटला असेल, तर ऐकणारा तो पुरवतो.