दर्जा वाढला, ग्रॅनाइट बदललं

हैदराबादच्या विद्यानगर भागातल्या एका नर्सिंग होमने रुग्णसेवेचा दर्जा सुधारायचं मनावर घेतलंय. नाव सांगत नाही. सांगितलं तर गल्लीतली बाकीची आपल्याला वगळलं म्हणून रुसतील. सुधारणा तळमजल्यावर सुरू झाली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. ग्रॅनाइट नवं, सोफा नवा, काउंटरमागे हसऱ्या परिचारिकेचा भिंतभर फोटो. ती वर भेटेल या आशेने मात्र कुणी लिफ्टमध्ये शिरू नये.

वर असते ती खरी सिस्टर. रात्री एकच, दोन मजल्यांवरच्या तीस खाटांना मिळून. इंजेक्शनं तिने द्यायची, सलाईन तिने बदलायचं, कॅशलेसचे कागद तिने खाली पोचवायचे, डॉक्टर आले की फाइल घेऊन मागे तिनेच धावायचं. वेळ उरलाच तर शुश्रूषा. उशाशी बेल आहे. दाबली की वॉर्डबॉय डोकावतो, ‘अम्मा, जरा ठैरो, सिस्टर ऊपर हैं.’ वर जाऊन विचारलं तर ती खाली असते.

खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकतो. अर्धांगवायूने पडून राहिलेल्या माणसाची पाठ सोलवटू नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळ लिहायची. मी पाहिलेला तक्ता आदर्श होता: १२, २, ४, ६. चारही नोंदी एकाच पेनाच्या, एकाच तिरप्या हातातल्या. आणि सहाची नोंद झालेली असताना भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले होते. आजोबांना रात्रभर वळवलं होतं काचीगुड्याहून आलेल्या सुनेने. पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये चादरीची घडी. तिची सही तक्त्यावर नाही. बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ आहेत, रोजचे.

त्या सिस्टरला खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोरा तक्ता ठेवला तर सकाळी बोलणी खाणार तीच.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचं जुनं प्रमाण. पगाराचंही ठरलंय. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून केंद्राने समिती नेमली, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस समितीने केली. शिफारस फायलीत पडून आहे. तिची कूस कोण बदलणार? अशा फायलींना काय होतं ते डॉक्टरांना विचारा.

गंमत अशी की हे सगळं विद्यानगरात चालतं. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय याच विद्यानगरात आहे (वरच्या ग्रॅनाइटशी त्याचा काडीचा संबंध नाही). दुर्गाबाई १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ बायकांसाठी मंडळाने १९५८पासून संक्षिप्त अभ्यासक्रम काढले. त्यांनी परीक्षा द्यावी, नर्स, दाई, ग्रामसेविका व्हावं, हा त्यामागचा बेत. दुर्गाबाईंचे यजमान कोण, तर रोह्याकडचे आपले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री. उतारवयात दोघं हैदराबादलाच राहिली. बाईंनी नर्सेस घडवायची सोय केली, साहेब हिशेबातले पक्के. आणि त्यांच्याच गावात तीस खाटांना पाच-पाचाचा भाग दिला की उत्तर एक येतं.

मी त्या नर्सिंग होमच्या संचालकांना एक तोडगा सुचवला. परिचारिका वाढवू नका, मोजायची पद्धत बदला. प्रत्येक खाटेशेजारी स्टुलावर एक बायको, सून किंवा लेक बसलेली असते. सलाईनवर नजर तिची, बेडपॅन तिचं, गोळ्यांची वेळ तिच्या मोबाइलच्या गजरात. पदवी नसली म्हणून काय झालं, काम तर तेच. त्यांना हजेरीपटावर घ्या. खाटेला एक हे प्रमाण पडेल. अशी चैन आयसीयूलाही क्वचितच परवडते.

कल्पना त्यांना फारच पटली. लगेच मॅनेजरला आत बोलावून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: या बायकांकडून ट्रेनिंगची फी घेता येईल का, आणि अटेंडंट पासवर ती जीएसटीसकट लावायची की वेगळी.