किलोला काय भाव?

मानखुर्दच्या मुलीने ग्रीसला पुरातत्त्व शिकायला जावं, यात लोकांना एवढं नवल कशाचं वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. तिकडे जाऊन करायचं काय असतं? दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लोकांनी जे फेकून दिलं ते खणून वर काढायचं, धुवायचं, निवडायचं, वजन करायचं आणि पिशव्यांत भरून ठेवायचं. आमच्या मंडाळ्यात हे बारा महिने चालतं. फक्त त्याला तिथे शिष्यवृत्ती मिळत नाही.

काकांचं मंडाळ्याला भंगारचं गोदाम आहे. तिथली माणसं प्लास्टिकच्या तुकड्याला टिचकी मारून आवाजावरून माल ओळखतात. शंका आलीच तर कोपरा लायटरवर धरायचा आणि धुराचा वास घ्यायचा. पितळ वेगळं, तांबं वेगळं, बीड वेगळं, पत्रा वेगळा. दहावीचा अभ्यास मी त्या गोण्यांवर बसून केला. त्यामुळे पुरातत्त्वाची गोडी मला पुस्तकातून लागली असं जे मी मुलाखतीत सांगितलं, ते तितकंसं खरं नव्हतं.

उन्हाळ्यातल्या उत्खननावर पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एक बादली आणि एक दात घासायचा ब्रश आला. खापरं घासायची, पण रंगकाम असेल त्याला ब्रश लावायचा नाही. मग ती जाळीवर सावलीत वाळवायची आणि निवडायला बसायचं. काठ, कान आणि बूड यांना मान मोठा, कारण त्यांच्यावरून भांड्याचा घाट कळतो. बाकी पोटाचे तुकडे म्हणजे सामान्य जनता. ते मोजायचे आणि काट्यावर टाकायचे. शेजारची जर्मन मुलगी एकेक खापर उजेडात धरून चिंतन करत होती. मी दोन खापरं एकमेकांवर वाजवली. खणखणीत वाजलं ते चांगलं भाजलेलं, बद्द वाजलं ते कच्चं. आमच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरच्या धंद्यात. त्यांना वाटलं, आम्ही कुंभार आहोत. मीही खुलासा केला नाही. धंदा मातीचा असो की प्लास्टिकचा, कान तोच लागतो.

त्या रात्री काकांचा व्हिडिओ कॉल आला. मी मागच्या फडताळातल्या पिशव्या दाखवल्या. काकांनी डोळे बारीक केले.

"किलोला काय भाव?"

"विकत नाहीत काका. सगळं सरकारचं. इथे एक खापर खिशात घालून नेलं तरी गुन्हा आहे."

"विकत नाहीत, मग एवढा माल भरून ठेवलाय कशाला?"

"अभ्यासाला."

"आणि गोदामाचं भाडं?"

हा प्रश्न पुरातत्त्वाच्या जगात भल्याभल्यांना सुटलेला नाही, हे काकांना सांगून मी फोन ठेवला. जगभरच्या उत्खननांची कोठारं तुडुंब भरलेली आहेत आणि खापरं काही कुजत नाहीत.

अथेन्समध्ये कुठेही उभं राहिलं की अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी दिसते. माझं बालपणही टेकडीच्या छायेतच गेलं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे, म्हणजे तसं पाहिलं तर तीही प्राचीन वास्तूच म्हणायची. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. आम्हाला तो घरात दिसत होता. अ‍ॅक्रोपोलिसलाही आग लागली होती, इसवीसनपूर्व ४८० मध्ये. इराणी सैन्याने देवळं जाळली, पुतळे फोडले. परत आलेल्या अथेन्सवासीयांनी ते मोडके पुतळे टेकडीवरच खड्ड्यांत पुरले आणि वर भराव घातला. १८८६ साली खणताना संगमरवराच्या तरुणी एकापाठोपाठ एक बाहेर आल्या, काहींच्या केसांवर आणि वस्त्रांवर रंगसुद्धा शिल्लक. आज त्या २००९ साली उघडलेल्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात उभ्या आहेत आणि त्यांच्या शेजारी त्यांच्यासारखी पोझ देऊन कुणी फोटो काढायला गेलं की रखवालदार बाई धावून येतात. भरावाचं नशीब म्हणजे हे! आमच्याकडचा भराव थेट इमारतींच्या जाहिरातीत जातो.

आईचं म्हणणं वेगळंच. तिला दाखवलेल्या प्रत्येक फोटोवर तिचा एकच शेरा असतो, "अगं, एकाचं तरी नाक जागेवर आहे का?" म्हणून मी तिला राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला तो दोन मीटर उंचीचा कांस्यपुतळा दाखवला. १९२० च्या दशकात आर्तेमिसिओनच्या समुद्रातून वर काढलेला, नाकासकट शाबूत. गंमत म्हणजे तो झ्यूस की पोसायडन यावर पंडितांचं अजून एकमत नाही. हातात जे धरलं होतं तेच हरवलंय. वज्र असेल तर झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. आईने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "पोसायडन आमच्याकडे आहे." आईचं माहेर कोल्हापूर. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, आणि तिच्याविषयी कोल्हापुरात कुणाचाही वाद नाही. कोल्हापूरकरांना समुद्र नाही, पण समुद्राचा देव आहे. तेवढ्यावर त्यांचं भागतं.

मेट्रोच्या बाबतीत मात्र ग्रीक लोक कमनशिबी. थेसालोनिकीची मेट्रो कित्येक वर्षं रखडली, कारण जिथे खणावं तिथे जुना रस्ता नाहीतर थडगी. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात गाडी धावली, तीही अवशेष शेजारी मांडून. आमच्या मंडाळ्याची मेट्रो खांबांवरून जाते. बाबा म्हणतात, शहाणपण असं असतं.

काका खरे रंगले ते थेमिस्टोक्लीसच्या प्रकरणात. जुन्या अथेन्समध्ये एखादा पुढारी फार शेफारला असं वाटलं की लोक खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून मत द्यायचे. सहा हजार मतं भरली की ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९३७ साली अशी १९० खापरं सापडली. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. आणि अक्षर तपासलं तर लिहिणारे जेमतेम चौदा जण.

"म्हणजे मतपत्रिका भरून तयार ठेवलेल्या," काका म्हणाले. त्यांना जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. "वाटायच्या राहिल्या असतील. पुढे?"

"पुढे काय, विहिरीत टाकल्या."

"पण ही खापरं कसली होती?"

"बहुतेक पेल्यांची बुडं."

काका पुढे सरकले. स्क्रीनवर आता नुसतं कपाळ दिसत होतं.

"एकाच मालाची एवढी बुडं घरोघरी हिंडून मिळत नाहीत. कुणीतरी फुटका माल एकरकमी उचललाय. पैसे कुणाला मिळाले?"

"ते माहीत नाही काका."

"कुणालाच नाही?"

"नाही."

"मग खणा अजून," काका म्हणाले आणि टेम्पो आला म्हणून त्यांनी फोन कापला.