देवचाराचा सात-बारा

माझ्या मालिकेचा नायक देवचार आहे आणि त्याच्या नावावर साडेतीन गुंठे जमीन आहे. ही माहिती पहिल्याच भागात येते. नायिका तिसऱ्या भागात येते. मधला अख्खा भाग भुतांच्या ग्रामसभेला गणपूर्ती किती लागते यावर गेला आहे, आणि संपूर्ण मालिकेतला तो सर्वांत उत्कट भाग आहे असं माझं आजही मत आहे.

संपादिकेचं नाही. ही मुलगी ज्या अ‍ॅपवाल्यांकडे काम करते त्यांच्यासाठी मी लिहितो. लोक ते कानात घालून ऐकतात. ती मला 'सर' म्हणते, कधी आवाज चढवत नाही. "सर, खूपच अभ्यास आहे हो तुमचा," असं ती म्हणाली की समजायचं, पानं कापली जाणार.

"पण सर, ते दोघं भेटणार कधी? लोक लोकलमध्ये, भाजी निवडताना ऐकतात. त्यांना नायकाचे डोळे हवे असतात. आपण त्यांना नायकाचा फेरफार दिलाय."

आता ज्याची हयात जमीन मोजण्यात गेली, त्याने निवृत्तीनंतर भुताखेतांची प्रेमकथा लिहायला घेतली तर तो आधी काय करणार? गावाचा नकाशा काढणार. मी काढला. पिंपळांना गट क्रमांक दिले. कुठलं भूत मालक, कुठलं कूळ, कुणाची नुसतीच वहिवाट, हे ठरवलं. पोटखराब्यात राहणाऱ्या भुतांचा प्रश्न तर मराठी साहित्यात प्रथमच मांडला गेला आहे. (सात-बारा तलाठ्याकडचा आणि नकाशा आमच्याकडचा, हा भेद वाचकाला कळावा म्हणून एक परिच्छेद होता. गेला.)

तयारीत मी कसूर ठेवली नव्हती. या प्रकारातल्या परदेशी मालिका पेन्सिल घेऊन, समासात शेरे मारत वाचल्या. स्टेफनी मेयरबाईंचं 'ट्वायलाइट' २००५चं. नायक रक्तपिपासू, आणि उन्हात त्याचं अंग हिऱ्यासारखं चकाकतं, त्यामुळे चारचौघांत उन्हात वावरायची सोय नाही. बाईंनी काय केलं? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं सदा पावसाचं गाव शोधून काढलं. ढग आहेत म्हणून तो शाळेत येतो, शाळेत येतो म्हणून तिला दिसतो. हवामान, भूगोल आणि प्रेम एका दमात उरकलं. मी समासात लिहिलं : 'पर्जन्यमानाचे आकडे नाहीत.'

शार्लेन हॅरिस यांच्या २००१च्या 'डेड अन्टिल डार्क'मध्ये जपानी लोकांनी कृत्रिम रक्त तयार केलंय, त्यामुळे व्हॅम्पायर उजळ माथ्याने समाजात वावरू लागलेत. मी सरसावून बसलो. आता रक्ताचे परवाने येणार, साठेबाजी येणार. त्याऐवजी आली सूकी. ही बारमध्ये वाढायचं काम करते आणि हिला प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे एकाही पुरुषाशेजारी धड बसता येत नाही. व्हॅम्पायरचं मन मात्र तिला ऐकू येत नाही. नुसती शांतता. झालं, बाई प्रेमात पडली. रक्ताचा भाव शेवटपर्यंत कळला नाही, पण खरं सांगायचं तर मीही पुढे विचारला नाही.

नलिनी सिंग या फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या लेखिका. २००६ साली सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेत एका जमातीने भावनाच बंद करून टाकल्या आहेत. म्हणजे घटनेचं पहिलं कलमच प्रेमाच्या मुळावर. जे. आर. वॉर्ड यांच्या 'डार्क लव्हर'मध्ये कथा सुरू होण्याआधी शब्दार्थांची यादी आहे. ही बाई मला आपल्यातली वाटली. माझी यादी फक्त कथेपेक्षा जाड झाली.

'हे सगळं आमच्याकडे केव्हाच होऊन गेलंय' असं म्हणायची आपल्याला खोड असते, ती मीही भागवून घेतो. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. खरा ओळखायचा कसा? देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांची सावली पडत नाही आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे घामाघूम झालेला, मान टाकलेल्या फुलांचा, धुळीत पाय टेकून उभा असलेला तो आपला. तिने त्याच्याच गळ्यात माळ घातली. देवलोकाचे नियम सांगितले कधी, तर मुलीला नवरा ओळखायची गरज पडली तेव्हा. देवांविषयी व्यासांना याहून बरंच ठाऊक असणार, पण बाकीचं त्यांनी पोटात ठेवलं. एवढा मोठा पोटाचा घेर माझा नाही.

शिवाय माझी अडचण वेगळी होती. परदेशी भुतं खानदानी असतात. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने ड्रॅक्युलाला किल्ला दिला, जहागिरी दिली. तेव्हापासून कोट घातलेला नायक तयारच आहे. आमच्याकडे नायक म्हणून घ्यायचा कुणाला? मुंजा? तो मुंज आणि सोडमुंज यांच्या मधे गेलेला बटू. त्याला नायिका दिली तर पोलीस येतील. समंध? संपत्तीत जीव अडकलेला, मागे कुणी नसलेला. थोडक्यात, वारस नोंद प्रलंबित. गिऱ्हा पाण्यात ओढतो. चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो, म्हणजे तो नायक कमी आणि कथानक जास्त. वेतोबा तर साक्षात देव. आरवलीला लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, रात्री गावची राखण करून त्या झिजतात म्हणे. त्याला प्रेमात पाडायला माझी छाती नाही. वेंगुर्ल्याला मला जाणं-येणं ठेवायचंय. उरला देवचार. काठी, घोंगडी, हातात पेटती चूड, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणार आणि गावची शीव ओलांडणार नाही. हद्दीला इतका पक्का माणूस मी नोकरीतही पाहिला नाही.

भुतांच्या या मोजदादीवरून आठवलं, आणि संपादिका इथे नाही तोवर सांगून घेतो. कोकणातल्या लोकसमजुती पद्धतशीर जमवायचं काम ज्याने केलं तो माणूस मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तोच. संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला 'पंडित' म्हणत. शाळामास्तरांकडून त्याने माहिती मागवली होती, आणि त्या टिपणांवरून पुढे एंथोवेनने १९१५ साली कोकणचा खंड छापला. माझ्या डोळ्यांसमोर ते मास्तर येतात. आठवडाभर पाढे घोकून घ्यायचे आणि रविवारी गावात विचारत हिंडायचं : तुमच्याकडे भुतं कुठली, राहतात कुठे, जातात कशाने? एखाद्याने उत्तरात आपल्या सासूचंही नाव घातलं असेल. सरकारी काम म्हणजे सरकारी काम.

तर त्या रात्री नाट्यगृहात नाटक होतं देवलांचं 'शारदा'. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो. ती जीव द्यायला निघते आणि कोदंड तिला वाचवतो. वाचवलं नसतं तर साहेबाच्या टिपणांत तिची नोंद कुठल्या रकान्यात झाली असती? हा प्रश्न पडला आणि माझी गंमत तिथे थोडी थांबली. कारण बायकांचे रकाने पाहा. नवरा हयात असताना गेली ती जखीण. विधवा गेली ती लावसट. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. गावागणिक व्याख्या थोडीफार हलते, पण रकाना तोच. पुरुषाच्या भुताला हाव असते, राग असतो, जातही असते. ती मेल्यावरही सुटत नाही. बाईच्या भुताला मात्र नवरा होता की नव्हता, एवढंच विचारलेलं.

आमच्या गावच्या घरी उंबऱ्यात एक खिळा होता. लहानपणी आम्ही सगळे त्याला ठेचकाळायचो. काढा म्हटलं की आजी गप्प. पुष्कळ नंतर कळलं की पणजोबांची पहिली बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, ती अलवंतीण होऊन परत येऊ नये म्हणून तो ठोकलेला. स्मशानातून येताना वाटेवर राळे टाकत आले होते. एकेक दाणा वेचत बसली की पहाट होते आणि तिला घर गाठता येत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोर. वेदनेने मेली आणि घरच्यांना भीती वाटली ती तिची. वंशावळीत पणजोबांपुढे दुसरीचंच नाव आहे. हिचं नाव सांगू शकेल असं आता कुणी नाही. दुसऱ्यांच्या वारस नोंदी तपासत मी म्हातारा झालो, आणि आमच्या घरात तिची नोंद होती ती एवढीच, लोखंडात.

म्हणून संपादिका "सर, प्रेम आणि ते भुतांचं जग, दोन्हींचा समतोल साधूया," म्हणते तेव्हा मला खरोखरचा राग येतो. समतोल साधायला दोन वस्तू वेगळ्या तरी हव्यात. आपल्याकडच्या भुतांचं जग उभंच आहे ते कुणाचं लग्न झालं, कुणाचं राहिलं, कुणाचं होऊन निभावलं नाही यावर. त्यात प्रेम बाहेरून आणून घालावं लागत नाही. ते आधीच पिंपळावर बसलेलं असतं. हे मी तिला फोनवर तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "वा सर! हे भागात घ्या ना, गणपूर्तीच्या जागी."

गणपूर्ती गेली. गुणाढ्याची आठवण काढून मी स्वतःचं सांत्वन केलं. सातवाहनाच्या दरबारात त्याचा पैशाची भाषेतला सात लाख श्लोकांचा ग्रंथ नाकारला गेला, तेव्हा त्याने रानात बसून पानापानाने तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवला आणि अग्नीत टाकला. जनावरं चरायची सोडून रडत ऐकत बसली, असं कथासरित्सागर सांगतो. सहा लाख जळले. शिष्यांना आवडायचा म्हणून एक लाखाचा भाग त्याने राखला. तो कुठला, तर नरवाहनदत्ताचा. म्हणजे विद्याधरींशी लग्नं करत हिंडणाऱ्या राजपुत्राचा. याचा अर्थ जगाची रचना जळाली आणि प्रेम उरलं, असाही काढता येईल. मी काढत नाही. मी फक्त स्वतःला गुणाढ्याच्या शेजारी बसवून घेतलं आणि चहा मागवला.

चहा घेऊन आली ती आमची ही. मालिका ती वाचत नाही, ऐकते. तेही भांडी लावताना. तेव्हा पेच असा होता. नायिका मृण्मयी भूकरमापक आहे, महामार्गाच्या मोजणीसाठी गावात आली आहे. ती राहते ती खोली शिवेच्या आत आहे, कारण शिवेचा दगड कुणीतरी फार पूर्वी सरकवून ठेवलाय. म्हणून देवचार तिच्या पायरीपर्यंत येऊ शकतो. तिने मोजणी खरी केली तर दगड मागे जाणार, खोली हद्दीबाहेर पडणार आणि त्याचं येणं बंद. संपादिकेचं म्हणणं, तिने दगड आहे तिथेच राहू द्यावा. प्रेमासाठी.

"प्रेमासाठी खोटी हद्द?" मी म्हटलं. "माझ्या हातून नाही व्हायची."

"अहो, मग तिला बदली मागू दे की," ही म्हणाली. "दगड मागे जाऊ दे. तिने आत राहायला यावं."

"त्या तालुक्यात? तिथे कुणी बदली मागून जात नाही."

"म्हणून तर."

मी नियम सांगू लागलो. ती कपबशी उचलत म्हणाली, "तुमच्या बदल्या झाल्या, तुम्ही गेलात. मुलांच्या शाळा, सासूबाईंचं दुखणं. शिवेच्या आत मीच होते. शनिवारच्या शेवटच्या एसटीतून माणूस उतरतंय की नाही, हे फाट्यावर उभं राहून बघणं काय असतं, ते तुमच्या देवचाराला ठाऊक असेल. लिहा की एखादं पान त्यावर."

त्या रात्री मी ते पान लिहिलं. त्यात गट क्रमांक नाही, शब्दार्थ नाहीत. शेवटची एसटी येते, थांबते, कुणी उतरत नाही; तो दगडाच्या अलीकडे उभा. सकाळी हिला वाचून दाखवलं. ही बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मे महिन्यात घोंगडी कशाला हो घेतलीय त्याने?"

घोंगडी काढली. संपादिकेने पान जसंच्या तसं घेतलं, वर रडक्या चेहऱ्याची चार चित्रं पाठवली. आता बदलीचा प्रश्न. विनंती अर्ज कुणाकडे करायचा, रिक्त पद आहे का, ना-हरकत कोण देणार. यासाठी मी एक संपूर्ण भाग मागितला आहे. ती अर्ध्यावर अडून बसली होती. पाऊण भागावर तडजोड झाली, एका अटीवर : त्यात नायकाने नायिकेचं चुंबन घ्यायचं. मी कपाळावर कबूल केलंय, आणि तेही कार्यालयीन वेळेनंतर.